परातीतलं लोखंड

भाईदाससाहेब सुरतेच्या कॉलेजात शिकवतात, पण ते समजावायला लागले की माझं डोकं आणखीच गरगरतं. पलसाण्याच्या आमच्या चाळीमागचा हँडपंप पिवळसर पाणी देतो. साहेब म्हणाले, रंगकामाच्या कारखान्यातलं क्रोमियम जमिनीत झिरपलंय, अंगाला वाईट. आमची सहा वर्षांची दिपाली त्याच पाण्यावर वाढलेली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

त्यावर औषध म्हणून साहेबांनी काळ्या पाण्याची बरणी आणली. आत लोखंडाचे कण, डोळ्याला न दिसणारे, पंपात ओतले की क्रोमियमचं विष मारणारे, आणि म्हणे कणाकणाला खळ चढवलेली. सुताला खळ लावतात हे मागावर काम करून मला ठाऊक, लोखंडाला कशाला? विचारायची लाज वाटली.

"दशहरे को पंप में डालेंगे. तब तक ढक्कन मत खोलना, वाल्मिकभाई," असं सांगून ते गेले. मी बायकोला, सुंदराला, सांगितलं, लोखंड आहे, जपून ठेव. झाकणाचं सांगायचं राहूनच गेलं.

खंडेनवमीला आम्ही खानदेशी माणसं घरातलं झाडून सगळं लोखंड पुजतो. मी कारखान्यात मशीनला हार घालत होतो, तेव्हा इकडे सुंदरानं विळी, कात्री मांडली आणि बरणी परातीत ओतली. बरणीतल्या लोखंडाला हळदकुंकू वाहणार कसं? संध्याकाळी तिनं थेंब न सांडता ते परत भरून ठेवलं.

दसऱ्याला साहेब आले तर बरणीत तांबडा गाळ. त्यांनी कपाळाला हात लावला. "हवा लग गई. सब लोहे को जंग लग गया. नया बनाने में महीना लगेगा."

मला सुंदराचा राग आला, मग स्वतःचा, मग साहेबांचाही. ओरडायचं कुणावर तेच कळेना.

"तुम्हीनच सांगं ना, लोखंड शे म्हनीसन," सुंदरा रडवेली झाली.

तरी आल्यागेल्याला पाणी द्यायलाच हवं. डोळे पुसून तिनं पंपाच्या पाण्याचा पेला पुढे केला. साहेबांनी तो उजेडात धरून पाहिला आणि हळूच ओट्यावर ठेवला. "ये मत पीना, बेन."

"मंग महिनाभर आम्हीन काय पेवानं?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी बरणीकडे. तेवढ्यात दिपाली खेळून धापा टाकत आली, ओट्यावरचा पेला उचलून तिनं घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा बाहेर पळाली.