मिरच्यांचा डबा आणि साठ हिरवे पाइन

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला पहिलं आठवतं ते पोटातलं आंबट पाणी आणि त्यात बुडालेल्या हिरव्या मिरच्या. वाहाका प्रांताच्या डोंगरात यावेला नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात मला उघडलं आणि आठवडाभरात मिरच्या फस्त झाल्या. रिकाम्या डब्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी त्यात फुलझाड लावतं, कुणी कोंबड्यांना पाणी ठेवतं. माझ्या नशिबी भुंगेरे होते.

मला उचललं इसाउराने. ती याच गावची, शहरात शिकून रानातल्या किड्यांची संशोधक होऊन परतलेली. गाव तिला 'किड्यांची डॉक्टरीण' म्हणायचं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. तिने मला आतून काळा रंग दिला, पोटाला भोक पाडलं आणि त्या भोकाला काचेची बाटली बसवली. आत झाडाचा ओंडका ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. लाकडातून जो कोणी बाहेर पडेल त्याला अंधारात एकच उजेड दिसणार, आणि तो चालत चालत बाटलीत येऊन पडणार. खरं सांगतो, मला हे काम फार आवडलं. आपल्या पोटातून कोण निघेल याची उत्सुकता किती डब्यांना लाभते?

त्या वर्षी रानातले पाइन लाल पडत होते. वनसमितीचा प्रमुख तावरिनो याने श्रमदान पुकारलं. घरटी एक माणूस कुऱ्हाड घेऊन गेला आणि दोन रविवारांत चाळीस लाल झाडं आडवी झाली. तरी शेजारची झाडं लाल पडायची थांबेनात. इसाउराने पाडलेल्या झाडाचा एक ओंडका माझ्यात ठेवला. दहा दिवस मी श्वास रोखून वाट पाहिली. बाटलीत एक कोळी तेवढा आला. माझी पार नाचक्की झाली. पण इसाउरा मात्र टाळी वाजवून म्हणाली, "रिकामं! वाटलंच होतं मला."

मग मला उमगलं. पानं लाल होईपर्यंत भुंगेरे झाड सोडून गेलेले असतात, शेजारच्या हिरव्या झाडात. तावरिनोने चाळीस रिकामी घरं पाडली होती. भाडेकरू कधीच पलीकडे राहायला गेले होते.

भुंगेऱ्यांनी साल पोखरली की भोकातून डिंकाच्या लाह्या फुटतात. त्या बघून इसाउराने साठ हिरव्या पाइनांना फिती बांधल्या आणि ग्रामसभेत सांगितलं, की ही झाडं तीन आठवड्यांत पाडून साल जाळली नाही, तर भुंगेरे वरच्या जुन्या रानात शिरतील. गावाचा झरा त्याच रानात आहे.

तावरिनो उठला. "लाल झाडं पाडताना हिचा पत्ता नव्हता, आता म्हणते हिरवी पाडा. उद्या म्हणेल घरं पाडा, त्यांच्या तुळयाही पाइनच्याच आहेत!"

सगळी सभा हसली. हसल्या नाहीत त्या फक्त ओतिलियाआत्या, इसाउराच्या सख्ख्या आत्या. फिती बांधलेली झाडं होती तो उतार तीस वर्षांपूर्वी वणव्यात जळाला होता. तेव्हा गावातल्या बायकांना घेऊन त्यांनीच ही झाडं लावली होती.

"इसाउरा," त्या म्हणाल्या, "ही रोपं मी पाठीवर वाहून नेली, पोटात तुझा आतेभाऊ असताना. आणि तू मला सांगतेस कुऱ्हाड चालवा? कोणाच्या सांगण्यावरून, किड्यांच्या?"

"आत्या, झाड हिरवं दिसतंय, पण ते आतून गेलंय."

"तुला दिसतं ना? मग मलाही दाखव. फिती बांधलेल्यांपैकी एक झाड मी निवडते. त्याचा ओंडका तुझ्या त्या डब्यात घाल, आणि डबा राहील माझ्या घरी. पंधरा दिवसांत काही निघालं नाही, तर माझ्या झाडांना कुणी हात लावायचा नाही."

"आणि निघालं तर?"

"तर सगळी पाडा," आत्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

अशा रीतीने मी आत्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी येऊन बसलो. त्यांनी सगळ्यांत टवटवीत झाड निवडलं होतं. खाली मक्याच्या पोळ्या भाजल्या जात आणि माझ्या पोटात तो ओंडका गप्प पडून असे. इसाउरा एकदा आली तेव्हा उरलेला तुकडा तिने फोडून दाखवला. पिवळ्या लाकडात निळे पट्टे होते.

"हे निळं काय गं?" आत्यांनी चष्मा पुढे ओढला.

"बुरशी आहे. भुंगेऱ्यांबरोबर येते आणि झाड जिथून पाणी पितं तिथेच शिरते. माझं सगळं संशोधन हिच्यावरच चाललंय."

"आणि किडे काय खातात? लाकूड?"

"तीच तर गंमत आहे, आत्या. मादी असते तांदळाच्या दाण्याहून लहान. तिच्या मानेपाशी एक घडी असते, त्या घडीत दुसऱ्याच एका बुरशीचं बियाणं. सालीखाली घर करायचं, त्यात ती बुरशी लावायची. पिलं वाढतात ती बुरशी खाऊन."

"म्हणजे नव्या घरी जाताना बियाणं बांधून नेते?"

"अगदी तसंच."

"आणि नवरा काय आणतो?"

"काही नाही. मागून येतो, रिकाम्या हाताने."

"तरीच ओळखीची वाटली मेली," आत्या म्हणाल्या, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग आत्यांनी विचारलं, "पण झाडाचं पाणी तुटलं असेल तर ते हिरवं कसं?"

"उरलेल्या ओलाव्यावर. थोडेच दिवस."

आत्यांनी त्या निळ्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं.

नवव्या दिवशी सकाळी माझ्या पोटात खुडबुड झाली आणि तीन काळपट भुंगेरे बाटलीत उतरले. मी आनंदाने फुलून गेलो! माझं काम फत्ते झालं होतं. आत्या आल्या, त्यांनी बाटली काढून उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी दार लावलं, बाटली चुलीत उपडी केली आणि पदराने पुसून परत बसवली. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी अकरा निघाले. तेही चुलीत गेले. तिसऱ्या दिवशी बाटलीचा तळ दिसेना. आत्यांनी बाटली काढली, चुलीपर्यंत नेली आणि तिथेच जमिनीवर बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला तोंड नाही म्हणून बरं आहे रे बाबा. मला आहे."

त्या रविवारी त्या मला काखेत मारून सभेला गेल्या. बाटली तावरिनोच्या टेबलावर ठेवली.

"हे माझ्या झाडातून निघालेत. याच्या आधी चौदा निघाले होते, ते मी चुलीत टाकले. म्हटलं, कुणाला कळतंय! दोन दिवस मी गावाला फसवलं आणि ते दोन दिवस आपल्याकडे आधीच कमी होते. आता बोलण्यात वेळ घालवू नका."

सभेत कुणी हसलं नाही. तावरिनो एवढंच म्हणाला, "काकू, पहिलं झाड कोणतं, ते तुम्ही सांगा." आत्या स्वतः उतारावर गेल्या. एकेका झाडाच्या सालीवर हात ठेवून त्या बाजूला होत आणि मग कुऱ्हाड पडे. चार दिवसांत उतार बोडका झाला. मला तो बघवला नाही.

पण वरचं रान राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे एकही झाड लाल पडलं नाही. इसाउरा दुसऱ्या डोंगराच्या कामाला गेली आणि मी आत्यांकडेच राहिलो. दर कोरड्या ऋतूत त्या मला घेऊन वरच्या रानात जात. सालीवर डिंकाच्या लाह्या फुटल्यात का ते बघत आणि शंका आली की ओंडका माझ्यात घालत. सात वर्षं हा नेम त्यांनी चुकवला नाही. त्या काळात सगळं गाव मला नावाने ओळखायचं, 'आत्यांचा डबा' म्हणून.

यंदा आत्यांचे गुडघे धरले. त्या अंगणापर्यंतही येत नाहीत. लोक म्हणतात, रान हिरवंगार आहे, काय बघायचंय तिथे? मला पुन्हा शाळेत आणून टाकलंय, तिथल्या कोठीत मी खराट्यामागे पडलो आहे. झाकणाला गंज चढलाय, पण पोटाचं भोक मोकळं आहे आणि बाटलीही शाबूत आहे. कोरडा ऋतू लागून महिना झाला, अजून वर कुणी गेलेलं नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी या, मला पुसा आणि वर घेऊन चला. फक्त झाडं लाल व्हायची वाट बघत थांबू नका. तेव्हा माझ्याकडे तुम्हाला दाखवायला काहीच नसेल.