हरिहरची आडपट्टी

नौपाड्यात हरिहरच्या घरी मूल जन्माला येऊन महिने लोटले, तरी त्याला नाव नव्हतं. नाव सुचत नव्हतं असं नाही. पाळण्यात घातल्यावाचून नाव ठेवता येत नाही, आणि पाळणा आडपट्टीवाचून अडला होता.

हरिहरने कचेरीतली नोकरी सोडून मागच्या पडवीत कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे एक रंधा, दोन करवती, आणि कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान मोडीत निघालं तेव्हा लिलावात उचललेलं एक यंत्र. गोरे लढाई जिंकून गेले आणि जाताना हे आपल्यासाठी ठेवून गेले, असं तो ज्याला त्याला सांगे. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध भोक, भोकाखाली मोटार, आणि भोकातून जिभेसारखं डोकं काढून गरगर फिरणारं पातं. फळी त्याच्यावरून सरकवली की कडेला खोबण पडे, नाहीतर छान गोलाई येई. हरिहर त्याला राउटर म्हणे. त्याची आई आवडाबाई त्याला ‘ते घोंगावणारं’ म्हणे.

यंत्रात एकच उणं होतं. फळी ज्याला टेकवून सरळ सरकवायची, ती आडपट्टीच लिलावात कुठेतरी गहाळ झाली होती. पहिल्या दिवशी हरिहरने तिच्यावाचूनच फळी लावून पाहिली. पात्याने ती त्याच्या हातातून हिसकली आणि खिडकीतून थेट शेजारच्या अण्णांच्या तुळशीवर नेऊन टाकली. अण्णा सरकारी नकाशे काढण्यात जन्म घालवून निवृत्त झालेले. ते भांडायला आले आणि सल्लागार होऊन बसले. तुळस पुढे पालवली. अण्णा मात्र उठले नाहीत.

“पट्टी घरीच करू,” हरिहर म्हणाला. “त्यात काय आहे?”

त्यात काय आहे ते त्याची बायको नंदा तेव्हापासून बघत होती.

तिचं बाळंतपण ज्येष्ठात कल्याणला माहेरी झालं. माहेरच्या माळ्यावर एक पाळणा होता, रंगीत लाकडी पोपट टांगलेला. नंदा त्यात निजली, तिची सगळी भावंडं त्यात निजली. वडिलांनी तो खाली काढून, पुसून, तेलपाणी करून ठेवला. बारशाचे घुगऱ्यांचे हरभरेसुद्धा भिजत पडले. आणि हरिहर ठाण्याहून येऊन म्हणाला, “ज्याच्या बापाचा लाकडाचा कारखाना, त्याने आजोळच्या जुन्या पाळण्यात निजायचं? लोक काय म्हणतील?” लोकांचं काहीच म्हणणं नव्हतं. पण जावयापुढे बोलायचं कुणी? हरभऱ्यांची उसळ झाली, पाळणा परत माळ्यावर गेला, आणि सव्वा महिन्याने नंदा बिननावाचं पोर घेऊन सासरी आली.

आवडाबाई त्याला ठोंब्या म्हणत, अण्णा वारसदार म्हणत, दूधवाला शेठ म्हणे. नंदाच्या मनात नाव होतं, सुधीर. पण पहिलं नाव आत्याने कानात सांगायचं, आईने नव्हे. दूध पिता पिता ते पोर मधेच थांबे, ओठाच्या कोपऱ्यात थेंब तसाच ठेवून तिच्याकडे टक लावून बघे, जणू विचारत असे, मी कोण गं? नाव तिच्या ओठांपर्यंत येई. ती ते गिळून टाकी आणि त्याचा तळवा आपल्या गालाला लावून धरी. एवढंसं पोर, पण त्याचा वासही आता ओळखीचा झाला होता. नावाचीच काय ती ओळख राहिली होती.

पडवीत अण्णांनी नकाशे काढायला घेतले. पट्टी टेबलाच्या कडेला अगदी समांतर हवी, सुतभर इकडेतिकडे चालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. एका बाजूने मोजलं की बरोबर येई, दुसऱ्या बाजूने चुके. ते आणि हरिहर दोघंही खडूने टेबलावर रेघा ओढत आणि पुसत. चहा देताना नंदा एकदा न राहवून म्हणाली, “पातं तर गोल फिरतंय. जात्याच्या खुंट्याला कुठे असते पुढची बाजू नि मागची? पट्टी तिरकी असली म्हणून काय बिघडलं, पात्यापासून हवी तेवढी लांब असली की झालं.”

अण्णांनी बशीत ओतलेला चहा फुंकला. “सूनबाई, ही भूमिती आहे.”

“आणि हे जातं नाही,” हरिहर म्हणाला.

नंदा आत गेली. भूमिती आणखी पंधरवडाभर चालली.

मग लाकूड. साधी फळी चालणार नव्हती, ती वाकते म्हणे. पाळण्याच्या बाजूंसाठी आणलेला सागवानाचा लांब, जाड दांडाच पट्टीला घेतला. “आधी पट्टी, मग पाळणा,” हरिहर म्हणाला. पात्यासाठी मधे खाच घेतली, पितळी स्क्रू बसवले, रंधून रंधून आरशासारखी केली. यंत्र जमिनीवर डुगडुगतं म्हणून त्याच्याखाली टेकू हवा होता. त्यासाठी माजघरातल्या झोपाळ्याची फळी गेली. साखळ्या तेवढ्या तुळईला लोंबत राहिल्या.

“दोन माणसं बसली तरी लवणार नाही,” अण्णा पट्टीवर थाप मारून म्हणाले.

माणसं बसायला ती केली होती का, हे नंदाने विचारलं नाही.

पट्टी तयार झाली ती दसऱ्याला. दसऱ्याला हत्यारांची पूजा. आवडाबाईंनी पहाटे अंघोळ करून सगळा कारखाना पुजला. रंध्याला एक टिळा, करवतींना एकेक, पण नवी पट्टी म्हटल्यावर तिचा मान मोठा. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी गंधाची बोटं ओढली आणि ओल्या गंधावर चिमटी चिमटीने अक्षता दाबून बसवल्या. गंध वाळलं. तांदूळ घट्ट चिकटले.

दुसऱ्या दिवशी पाळण्याची पहिली काठी यंत्राला लागली. डोंबिवलीहून हरिहरची बहीण कलावती आली होती. बारसं असेल म्हणून येण्याची तिची ही तिसरी खेप. भाच्यासाठी तिने शिवलेली कुंची आता त्याच्या डोक्यात जात नव्हती. मोटार घोंगावली, काठी पट्टीला टेकून पुढे सरकली आणि अडखळली. उसळली, पुन्हा सरकली, पुन्हा उसळली. बाहेर आली तेव्हा उंदरांनी कुरतडलेल्या उसासारखी दिसत होती.

“मोटारीचा तोल गेलाय,” अण्णा म्हणाले.

“सागवान ओलं असणार,” हरिहर म्हणाला.

दुसरी काठी तशीच निघाली. तिसरीही. नंदाने पोराला कडेवर सावरत दुसरा तळवा पट्टीवरून फिरवला.

“अहो, अक्षता चिकटल्यात. काठी त्यांच्यावर चढतेय.”

हरिहरने आधी दाराकडे पाहिलं. “हळू बोल. आईने वाहिल्यात त्या.”

“मग काढा ना.”

“तू काढ.”

“मी सून आहे.”

“मी मुलगा आहे.”

दोघांनी अण्णांकडे पाहिलं.

“मी तर शेजारी,” अण्णा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

भूमितीचं एवढं धारिष्ट, पण तांदळाच्या दाण्याला नख लावायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी अण्णा आणि हरिहर यांनी एकमताने ठरवलं की लाकडाच्या पट्टीत अर्थ नाही. पट्टी लोखंडीच हवी. कल्याणच्या छावणीकडे अजून पुष्कळ भंगार पडलं होतं. हरिहरने पट्टी स्क्रू काढून भिंतीशी उभी केली, टोपी चढवली, आणि जाता जाता कलावतीला म्हणाला, “बारसं दिवाळीनंतर. यंदा नक्की.”

“ताई, कुंची राहू दे इथेच,” नंदा म्हणाली. तिने तोंड पोराच्या मानेत लपवलं. पोराला गुदगुल्या झाल्या, ते हसलं.

दारात आवडाबाई उभ्या होत्या.

“माझ्या अक्षता नडल्या होय?”

अण्णांना घरी काही काम आठवलं. ते गेले.

म्हातारी पट्टीपाशी आली. बोटाने चाचपलं. “सगळं ऐकलंय मी. यंत्र वाईट, लाकूड वाईट, आणि मी तेवढी देवासारखी. वाहिलेल्या अक्षता काही जन्मभर ठेवायच्या नसतात. उत्तरपूजा करायची नि काढायच्या. एवढं विचारलं असतं एकानं तर जीभ झडली असती का?” त्यांनी चार दाणे वाहिले, नमस्कार केला, आणि खाली बसून नखाने एकेक तांदूळ उचकटू लागल्या. नंदा ओलं फडकं घेऊन आली. दोघींनी मिळून पट्टी लख्ख पुसली.

“आता बसवायची का परत?” कलावतीने विचारलं.

“कशाला? तो आणखी एक करतोय ना लोखंडाची.” आवडाबाई कमरेवर हात देऊन उठल्या. माजघरात लोंबणाऱ्या साखळ्यांकडे त्यांनी पाहिलं. “कले, ते टोक धर. नंदे, तुझं जुनं लुगडं आण. मऊ असेल ते.”

पट्टी साखळ्यांत अडकवली. लुगड्याची झोळी तिच्यावर बांधली, पात्याच्या खाचेत गाठ अशी बसली की जणू त्याचसाठी खाच घेतली होती. आवडाबाईंनी आधी पाटा-वरवंट्यातला वरवंटा झोळीत घालून झोका दिला. पट्टी लवली नाही. अण्णा एकदा का होईना खरं बोलले होते.

शेजारच्या दोघीतिघींना हाक गेली. घुगऱ्या भिजवायला वेळ नव्हता, तेव्हा फुटाण्यांवर भागवलं. पोर झोळीच्या वरून-खालून या हातातून त्या हातात फिरलं. कलावतीने कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, नंदाने आधीच सांगून ठेवलेलं नाव त्या कानात घातलं, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत असे धपाटे घातले की तिन्ही खेपांची भरपाई झाली. न मावणारी कुंची पोराच्या डोक्याखाली उशी म्हणून गेली. दोन झोके घेतले न घेतले तोच त्याचा डोळा लागला.

सांज व्हायच्या आत हरिहर परतला. खांद्यावर गंजलेला लोखंडी अँगल, तोंडावर विजय. माजघराच्या उंबऱ्यावर तो थबकला. त्याने पट्टी पाहिली, साखळ्या पाहिल्या, झोळी पाहिली. मग अँगल भिंतीला लावून तो पडवीत गेला आणि पाणसळ घेऊन आला. चवड्यांवर उभा राहून त्याने ती पट्टीवर ठेवली आणि बुडबुड्याकडे डोळे बारीक करून पाहू लागला.

“डाव्या अंगाला किंचित उतरतंय,” तो म्हणाला. “अण्णांना बोलावून...”

“हळू,” नंदा झोळीची दोरी धरून म्हणाली. “सुधीर निजलाय.”

बुडबुड्यावरची नजर न हलवता हरिहरने विचारलं, “कोण सुधीर?”