गोधडीचा भारी फोटो

मित्रांनो, मी एक फोटो आहे, आणि लाजत सांगतो, चांगलाच जाडजूड आहे. पुण्यात धायरीतल्या एका गच्चीवर, दोरीवर टाकलेल्या गोधडीसमोर माझा जन्म झाला. गोधडी शालनबाईंनी हाताने शिवलेली. त्यांची सून नम्रता हिने गोधड्यांचं ऑनलाइन दुकान काढलं होतं. तिनेच नव्या मोबाइलवर मला टिपलं आणि ओरडली, "आई, भारी आलाय फोटो!" टाका न् टाका दिसत होता. मी फुगलो, आणि तसाच फुगलेला दुकानाच्या पानावर जाऊन बसलो.

घोळ तिथेच झाला. एवढं वजन घेऊन मला कुणाच्या मोबाइलवर लवकर उतरताच येईना. मी वरून खाली इंच इंच उघडायचो. आधी आकाश, मग दोरी, मग चिमटे. गोधडी यायच्या आत गिऱ्हाईक निघून गेलेलं असे. एकदा सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांचा फोन आला. "आपल्या पानावर दोरी दिसते आहे. उत्तम आहे. गोधडी थंडी संपायच्या आत दिसेल का?"

नम्रताने ओळखलं. "आई, फोटोची फाइल फार मोठी आहे, उघडायला वेळ लागतो. फोटो हलका करावा लागेल."

"हलका?" शालनबाई कडाडल्या. "माझ्या हातचं हलकं काय बी जाणार नाय!" त्यांच्या लेखी हलकं म्हणजे दोन धुण्यांत विटणारं. मीही मनात म्हटलं, शाब्बास!

थंडी सरत आली, पण एकही गोधडी गेली नाही. "माझं काम लोकांना आवडत नाय. सुई ठेवून देते आता," असं म्हणून शालनबाईंनी सुईदोरा डब्यात टाकला. नम्रताने त्यांच्याच मोबाइलवर दुकान उघडून दिलं. चहा उकळला, गाळला, पिऊन झाला. शालनबाई अजून दोरीकडेच बघत होत्या.

"अगं, माझी गोधडी कुठाय?" त्यांनी मोबाइल नम्रतापुढे धरला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं काम कुणाला नावडलं नव्हतं. मीच ते दिसू दिलं नव्हतं.

"कर बाई ह्याला हलका," त्या म्हणाल्या.

नम्रताने माझं वजन उतरवलं. मला वाटलं, आता रंग जाणार, टाके पुसणार. कसलं काय! नुसता फुगवटा गेला. आता मी बोट लागताच सबंध उघडतो. दुसऱ्याच दिवशी येरवड्याहून अक्षता नावाच्या मुलीचा फोन आला. "काकू, तुमची गोधडी बघितली. माझ्या आईच्या जुन्या साड्या पाठवते. बाळासाठी शिवून द्याल?"

शालनबाईंनी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंय? कोपऱ्यात घालते."

मित्रांनो, आम्ही फोटो आपणहून बारीक होत नाही, कौतुकाने उलट सुजतो. म्हणून पानावर चढवण्याआधी आमचं वजन उतरवा. आमच्या मागे कुणाचे तरी हात असतात, ते लोकांना दिसू द्या.