टेकलेला नग

"चार," पावतीवाला म्हणाला.

"चार कशाचे? मी तर एकटी आहे," आक्का म्हणाली.

"माणसाला पावती नाही आक्का. टोपली एक, तागडी दोन, पाण्याची कळशी तीन, आणि तुम्ही बसलाय ते पोतं चार. जमिनीला टेकलेल्या दर नगाला एक पावती. नवा नियम आहे."

"पोतं काय विकायला आणलंय मी?"

"विकायचं का बसायचं, ते नियमात नाही. टेकलंय का, एवढंच आहे."

आक्का पोत्यावरनं उठली, पोतं झटकलं, घडी घालून काखेत मारलं आणि उघड्या मातीवर बसली. "आता?"

पावतीवाल्यानं चष्मा वर सारला. विचार केला. "आता तीन," म्हणाला आणि तीन फाडल्या. माणूस सरळ होता. फुकटचं घेत नव्हता आणि फुकटचं सोडत नव्हता. त्याच्या पोटाला पगार नव्हता. फाडलेल्या पावत्यांवर हिस्सा होता.

बाजाराचं मैदान म्हणजे गावाच्या कडेला पडलेलं उघडं रान. पावसात चिखल, उन्हात फुफाटा, आणि मधल्या काळात दोन्ही थोडं थोडं. वरती छप्पर व्हावं म्हणून गावच्या कचेरीनं कर वाढवला. छप्पर झालंही, चांगलं पत्र्याचं, गार सावलीचं. मग त्या छपराखाली कांद्याच्या अडत्याचा टेंपो उभा राहिला, कारण टेंपोला ऊन लागलं की कांदा उगवतो. पालेभाजीचं काय, ती नुसती सुकते.

हा अडत्या, ज्याला सगळे शेठ म्हणत, त्यानंच बाजारकराचा ठेका लिलावात घेतला होता. आधी माणशी एक पावती असायची. शेठनं बोली मोठी लावली, आणि बोली भरून निघावी म्हणून कचेरीकडनं नियम मोठा करून घेतला.

"शेठच्या टेंपोत ढिगानं कांदा आहे," आक्का म्हणाली. "त्याच्या किती?"

"टेंपोतला माल जमिनीला टेकत नाही," पावतीवाला म्हणाला. "चाकं टेकतात. चाकांचा कर सरकारात भरलेला असतो."

शेजारी दोरवाले काका दोरांची भेंडोळी मांडून बसले होते. त्यांना गप्प बसायचा त्रास व्हायचा.

"आक्का, तू उगाच मनाला लावून घेतेस. अगं, गरिबाला बरोबरीचा मान कुठं मिळत असेल तर तो करातच मिळतो. शेठ काडीपेटी घेतो, मी काडीपेटी घेतो. त्यात त्याचा जेवढा कर, तेवढाच माझा. मिठात तेवढाच, साबणात तेवढाच. त्याच्या पंगतीला मला कुणी बसवेल का? पण इथं बघ, मांडीला मांडी!"

"तुम्ही साबण कधीपासून घ्यायला लागलात?" आक्का म्हणाली.

आक्काच्या हाकेला मात्र बाजारात तोड नव्हती. ती गळा ताणायची नाही. जात्यावर बसल्यासारखी हळू सूर धरायची.

*घ्या गं बाई पालक, पानं त्याची कवळी,*
*रात्रीची ओल गं, अजून आहे जवळी.*

बायका थांबायच्या. त्या दिवशीही थांबल्या. टोपली रिकामी झाली, पण पावत्यांचे पैसे जाऊन हातात उरलं ते आक्कानं दोनदा मोजलं. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

जाताना शेठनं छपराखालून हाक मारली. "आक्का, कशाला या वयात उन्हात तळतेस? सगळा पाला मळ्यातच मला देत जा. पावती नाही, ऊन नाही, ओरडणं नाही. अर्ध्या भावानं घेईन, पण रोख."

"विचार करते," आक्का म्हणाली. विचार करण्यासारखं काहीच नव्हतं, हेच वाईट होतं. कालव्याच्या काठाला तिचा हातरुमालाएवढा तुकडा होता. अर्धा भाव म्हणजे अर्धी भाकरी. मुलगा लांब वीटभट्टीवर गेला होता. पैसे पाठवायचा, पण पाठवायचा तेव्हाच पाठवायचा. घरात सून होती, आणि सुनेच्या अंगावर पिणारी नात.

सुनेनं चुलीवर तवा ठेवला होता. तेलाची बाटली उलटी करून ती वाट बघत होती. तेलही तिची वाट बघत असावं.

"शेठ म्हणतोय माल मळ्यातच दे."

"मग बाजार सुटला आपला," सून म्हणाली. "एकदा सुटला की जागा कुणी परत देत नाही आत्याबाई. मग अर्ध्याचा पाव करेल तो, तेव्हा कुठं जायचं?"

"आणि बाजारात बसलं तर पावत्या. टेकलं की पावती."

"मग टेकवायचंच नाही," सून वैतागून म्हणाली आणि बाटली खाली आपटली.

आक्कानं तिच्याकडं बघितलं. सून घाबरली, तिला वाटलं, बाटलीमुळं बघतायत.

पुढच्या बाजाराला आक्का आली ती डोक्यावर टोपली घेऊनच, आणि आपल्या जागेवर उभी राहिली. उभीच राहिली. डोक्यावर जुन्या लुगड्याची जाड चुंबळ, चुंबळीवर टोपली. शेजारी सून. पोर पाठीला बांधलेलं, एका हातात तागडी लोंबती, दुसऱ्या हातात कळशी.

पावतीवाला आला. समोरून बघितलं. मागून बघितलं. वाकून टोपलीच्या खाली बघितलं, तिथं आक्का होती.

"खाली ठेवणार कधी?"

"विकली की."

त्यानं खिशातनं नियमाचा कागद काढून वाचला. मग आदबीनं घडी घातली. "बरोबर आहे," म्हणाला. "टेकलेली नाही."

पण खरं अवघड पुढंच होतं. गिऱ्हाइकाला माल दिसेना. मास्तरीणबाई उंचीनं बेताच्या. त्यांनी टाचा उंचावून टोपलीत हात घातला.

"आक्का, ही वांगी का गं?"

"वांगीच आहेत. पालकाच्या खाली."

"किडकी नाहीत ना? मला दिसत नाही."

"मलापण दिसत नाही बाई. पण मी पेरलीत, मला आठवतंय."

बघता बघता गर्दी जमली. उंच बायकांनी बुटक्या बायकांसाठी निवडून द्यायला सुरुवात केली. निवडता निवडता कोथिंबिरीची जुडी मास्तरीणबाईंच्या अंबाड्यात पडली; ती त्यांनी विकत घेतली, कारण परत टोपलीत टाकायची तर हात पोचत नव्हता. दोरवाल्या काकांनी हे सगळं बघून आपली भेंडोळी उचलली आणि एकेक करून गळ्यात घातली. शेवटी त्यांचं नाक तेवढं बाहेर राहिलं.

"काका, तुम्हीपण?" पावतीवाला कळवळला.

"मी काही केलं नाही," भेंडोळ्यातनं आवाज आला. "मला थंडी वाजतीय."

ऊन मी म्हणत होतं.

शेठपर्यंत बातमी गेली. तो आला, सावलीतनं उन्हात आल्यामुळं डोळे बारीक करून.

"पाय टेकलेत ना तिचे?" त्यानं विचारलं.

"टेकलेत," पावतीवाला म्हणाला. "पण नियमात नग लिहिलंय. पाय लिहिलेले नाहीत."

"पाय म्हणजे नग नाही का?"

"धरूया. मग बाजारातले सगळेच पाय धरावे लागतील शेठ. तुमचेसुद्धा."

शेठनं आपल्या पायांकडं बघितलं. मग खुर्ची मागवली आणि आक्काच्या समोर मांडून बसला. खुर्चीच्या चार पायांबद्दल कुणीच काही बोललं नाही. "मान आहे, खांब नाही," तो म्हणाला. "दमेल. टेकली की सगळ्याच्या पावत्या, वर दंड. आणि उद्यापासून माल माझ्या दारात."

आक्कानं उत्तराऐवजी टोपलीची कड घट्ट धरली. बोललं की टोपली हलायची.

दुपार चढली. वावटळ उठली, मैदानातली माती घेऊन गोल फिरली आणि सगळ्यांच्या डोळ्यांत वाटून गेली. सून कळशीतनं पाणी पाजायची, तेही मान न हलवता, पाखराच्या पिलाला पाजावं तसं. आक्काच्या मानेची शीर तटतटली. गुडघे आधी दुखले, मग दुखायचे थांबले, हे जास्त वाईट. टोपलीत तळाची वांगी उरली होती. तेवढी गेली की आठवड्याचं पीठ आणि तेल पुरतं घरी जाणार होतं.

मग टोपली डाव्या अंगाला झुकली.

"आत्याबाई, टेकवा!" सून रडकुंडीला आली. "राहू दे ते तेल!"

शेठ खुर्चीत पुढं सरकला. पावतीवाल्यानं पुस्तक उघडलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

काकांनी गळ्यातली भेंडोळी भराभरा काढली आणि धपकन जमिनीवर टाकली. "फाड माझ्या," ते पावतीवाल्याला म्हणाले. "किती होतात त्या फाड. मला हात मोकळे पाहिजेत." आणि त्यांनी टोपलीची डावी कड धरली. उजवी मास्तरीणबाईंनी धरली, म्हणजे धरायचा प्रयत्न केला. टोपली सरळ झाली.

काकांच्या सात भेंडोळ्यांच्या सात पावत्या पावतीवाल्यानं इमानानं फाडल्या. आकडा चुकला नाही.

वांगी गेली. कुणी घेतली ते आक्काला कळलं नाही, कारण तिला खाली बघता येत नव्हतं. घरी सुनेनं तव्यावर तेल टाकलं. तव्याला सवय राहिली नव्हती. तो जोरात ओरडला.

त्यानंतरच्या बाजाराला अख्खी रांग उभी होती. कोंबड्यावाली काखेत कोंबड्या धरून, झाडूवाला झाडू खांद्याला लावून शिपायासारखा. कुंभारानं काकांकडनं दोर विकत घेतला आणि मडकी झाडाला टांगली. काकांचा धंदा इतका चालला, की ते नियमाबद्दल बरं बोलायला लागले. बसायला येत नव्हतं म्हणून भांडणं मात्र कमी झाली. उभ्यानं किती भांडणार? पावतीवाला मैदानभर हिंडायचा आणि पुस्तक मिटून परत जायचा.

शेठनं कचेरीत अर्ज दिला, ठेक्यात नुकसान आलं म्हणून. बाजारात बसणाऱ्यांनी वर्षभर अर्ज दिले होते, त्यांच्यावर कचेरीचा चहाचा कप ठेवला जायचा. शेठच्या अर्जावर त्याच बैठकीत निर्णय झाला. ठेक्याची रक्कम माफ. आणि ज्यातनं वसुलीच होत नाही असा कर ठेवून काय करायचं, म्हणून बाजारकरही बंद.

दवंडी ऐकून लोक मैदानात मटकन खाली बसले. नुसते बसले, कितीतरी वेळ. कोंबड्या सुटल्या तरी कुणी उठेना. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून काकांनी सगळ्यांना गूळ वाटला.

गूळ जिभेवर असतानाच घरपट्टीचे कागद आले. कचेरीची तूट भरून काढायची होती. वाढ सगळ्यांना सारखी होती, दर घरामागे एकच आकडा. शेठच्या माडीला जेवढी, आक्काच्या एका खोलीला तेवढी.

"फुफाट्यातनं आगीत," सून म्हणाली.

"टोपली डोक्यावर घेतलीस आक्का," काका म्हणाले. "आता घर घे."

"घेतलं असतं," आक्का म्हणाली. "पण मान अजून डावीकडंच बघतीय."

ते खरं होतं. त्या दिवसापासून तिची मान पुरती उजवीकडं वळत नसे. म्हणून पुढच्या बाजाराला उजव्या बाजूला कुणीतरी नवं येऊन बसलंय हे तिला उशिरा कळलं. कुठं हाक नाही, भाव नाही, नुसती कागदाची सळसळ. ती अख्खीच्या अख्खी वळली.

पावतीवाला होता. समोर फडकं, फडक्यावर लिंबं. ती त्यानं रांगेत लावली होती, आकारानं चढत्या क्रमानं. वरती वर्तमानपत्र धरून ऊन अडवत होता.

"कर बंद झाला," तो म्हणाला. "हिस्सापण बंद झाला. घरपट्टी मलापण आलीय."

"हाक दे मग."

"येत नाही. आजवर लोकांनी मला बघून हाक बंद केलेली. मी कधी दिली नाही."

आक्कानं त्याच्या लिंबांकडं बघितलं. साल पातळ होती. माल खोटा नव्हता. हिनं त्याला फडक्यासकट उठवावं, असं रांगेतल्या निम्म्या लोकांच्या मनात होतं, आणि उरलेल्या निम्म्यांच्या तोंडात. आक्कानं घसा खाकरला.

*पिवळं गं लिंबू, साल त्याची मऊ,*
*कितीदा पिळलं, तरी रस लागे येऊ.*

मास्तरीणबाई थांबल्या. दोन लिंबं उचलून दाबून बघितली. "केवढ्याला?"

पावतीवाल्यानं भाव सांगितला.

"महाग आहेत हो."

"मग थोडे कमी द्या," तो पटकन म्हणाला.

"गप बस," आक्का म्हणाली. "पहिल्याच बोलीला उतरायचं नसतं. घरपट्टी भरायचीय ना?"

"ती काय आम्हाला माफ झालीय?" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पिशवी टेकवून खाली बसल्या.

मग तिघांनी बसून भाव ठरवला. तो तिघांतल्या कुणालाच परवडत नव्हता. सौदा झाला.