वीस झोके

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीपुढे पुसदमध्ये तीन वाटा असतात: बी.एड., बँकेची परीक्षा आणि लग्न. पहिल्या दोन जमल्या नाहीत तर तिसरी आहेच, आणि जमल्या तरी ती आहेच. भैरवी पहिल्या वर्गात पास झाली तेव्हा घरात या तिन्ही वाटांची चर्चा एकाच संध्याकाळी उरकली. ती शेजारीच बटाटे सोलत बसली होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भैरवीचे वडील श्रीकृष्णराव तलाठी. घरी शेत नाही, आजोबांपासून सगळे कचेरीतच. तरी त्या वर्षांनी हे घरही सोडलं नाही, कारण गावात कोणी औषध पिऊन गेला की पंचनाम्याला तलाठ्याला जावं लागतं. श्रीकृष्णराव पहिल्यांदा असे जाऊन आले तेव्हा त्यांनी अंगणातच अंघोळ केली आणि मग घरात पाऊल टाकलं. पुढे बरेच दिवस भैरवीची आई, पद्मजाबाई, बादली भरूनच ठेवायच्या. मग कधीतरी ते नुसते पाय धुवायला लागले. मग तेही सुटलं आणि ते सरळ ताटावर बसायला लागले. हे कधी झालं ते घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला विचाराल तर त्या घराचं खरं दुखणं तेच होतं, पण तेव्हा कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

अशात चौथी वाट निघाली. पुण्याच्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेने आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या मुलांसाठी एम.एस्सी.ची एक जागा ठेवली. राहणं-खाणं संस्थेकडे, आणि पुढे संशोधन करायचं असेल तर तेही तिथेच. कॉलेजातल्या अमरसिंग सरांनी भैरवीचं नाव परस्पर कळवून टाकलं. ग्रस्त जिल्ह्यात जन्माला आलीस, त्याचा एवढा तरी फायदा घे, असं ते म्हणाले. श्रीकृष्णरावांनी अट घातली: जागा मिळाली तर पुणे, नाही मिळाली तर बी.एड., मग त्यावर वाद घालायचा नाही. भैरवीने मान हलवली. पण त्या दिवसापासून तिला एक सवय लागली. भांडी घासताना, केस विंचरताना ती मनात 'पुणे' म्हणून बघायची. आत काहीतरी हलायचं. बाकी कशानेच काही हलत नव्हतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणून बघायची.

आता प्रयोगशाळेतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक मीटर दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, त्याचे वीस झोके किती सेकंदांत होतात ते मोजायचं आणि त्यावरून पृथ्वीची ओढ काढायची, हा प्रयोग फिजिक्सच्या प्रत्येक पोराने केलेला असतो. उत्तर नऊ पॉइंट आठ यायला हवं. येत मात्र नाही. स्टॉपवॉच अडकतं, गोळा भिरभिरतो, पंख्याचा वारा लागतो. आणि मार्क तर उत्तराला. म्हणून मुलं आधी नऊ पॉइंट आठ लिहितात आणि तिथून उलटं गणित करून सेकंद काढतात. याला 'रीडिंग बसवणं' म्हणतात. ते चोरीत मोडत नाही. झंपराला बाही बसवावी तसं ते एक काम आहे. आधी कळस, मग पाया. अमरसिंग सर मनाचे चांगले. मोडक्या सामानावर, बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे पोरांची लाज राखायची तर त्यांनी तरी दुसरं काय करावं? भैरवी या कामात सगळ्यांत तरबेज होती. ती अगदी नऊ पॉइंट आठ कधीच आणायची नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, खरं वाटेल इतकंच चुकवायची.

परीक्षा यवतमाळला, एका शाळेच्या हॉलमध्ये होती. श्रीकृष्णराव रजा टाकून सोबत आले आणि बाहेर कडुनिंबाखाली बसले. लेखी पेपर भैरवीला चांगला गेला. इतका चांगला, की दुपारी निवडक मुलांना प्रयोगाला बोलावलं तेव्हा तिचं नाव सगळ्यांत आधी घेतलं गेलं. टेबलावर दोरा, गोळा आणि लाल आकडे दाखवणारी एक डबी होती. डबी म्हणजे घड्याळ, संस्थेतच बनवलेलं. पृथ्वीची ओढ काढा, एवढाच प्रश्न होता. पोरं एकमेकांकडे बघून हसली. हा तर घरचाच प्रयोग.

भैरवीने गोळा सोडला, वीस झोके मोजले. डबीवर सदतीस पॉइंट सहा दिसलं. तिने मनात गणित केलं. उत्तर अकराच्या वर जात होतं. तिला नवल वाटलं नाही. घड्याळं चुकतातच. तिने कागदावर चाळीस पॉइंट एक लिहिलं, खाली चाळीस पॉइंट तीन, त्याखाली एकोणचाळीस पॉइंट नऊ, आणि नीट रेघ मारून उत्तर लिहिलं: नऊ पॉइंट आठ दोन.

पुण्याहून आलेल्या अनघा मॅडम कागद बघत टेबलांमधून फिरत होत्या. भैरवीच्या कागदाशी त्या थांबल्या. आवाज अजिबात न चढवता त्यांनी सांगितलं की ही डबी मुद्दाम हळू चालणारी केलेली आहे, हिच्यावर चाळीस येऊच शकत नाहीत. भैरवीचे कान तापले. इतर टेबलांवरही चाळीसच होते, पण मॅडमनी खुर्ची ओढली ती तिच्यापाशी.

"लेखीत तू सगळ्यांच्या पुढे आहेस," त्या म्हणाल्या. "पुन्हा कर. मी इथे बसते. जे दिसेल ते सांग, उत्तर कितीही येऊ दे."

याहून सोपं काय असणार? चोराला किल्ली हातात दिल्यासारखंच की. भैरवीने गोळा सोडला. तिने खरंच मन लावून मोजलं, ओठ हलवत, डोळे गोळ्यावर ठेवून. वीस झाले आणि तिने बटण दाबलं. डबीवर एकोणचाळीस पॉइंट आठ होतं.

मॅडमनी डबी आपल्याकडे वळवली.

"एकवीस झाले," त्या म्हणाल्या. "बारा तू दोनदा म्हणालीस. आणि एकविसावा झाल्यावरही तुझा अंगठा चाळीस जवळ यायची वाट बघत थांबला."

भैरवी म्हणाली, मी वीसच मोजले. ती खोटं बोलत नव्हती. तिला वीसच दिसले होते. मॅडमनाही ते कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, आणि तेच वाईट होतं. जागा यंदा तिला देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा आहे, यायचं तर ये, पण त्याआधी बघायला शीक. भैरवीने थँक्यू म्हटलं, पेन उचललं आणि बाहेर आली. बाबांना तिने 'जागा गेली' एवढंच सांगितलं.

बाकीचं तिने एसटीत सांगितलं. श्रीकृष्णराव फुटाणे खात ऐकत होते.

"पण उत्तर तर बरोबरच काढलं न तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग काहून नाही म्हणते ते बाई?"

श्रीकृष्णरावांनी उरलेले फुटाणे पुडीत बांधले. "आमच्यात तं उत्तर वरूनच येते," ते म्हणाले. "सरकारी मदतीले पात्र का अपात्र, ते आधी समजते. मंग मी लिहितो, घरात काय दिसलं ते." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मग ते खिडकीला डोकं टेकून झोपले. भैरवी त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. तिला त्यांची कीव आली, आणि आपलीही आली, पण दूर कुठे कोणाचं पोर रडावं तशी.

बी.एड.चा अर्ज भरायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप-लेकीने जायचं ठरलं होतं. दुपारी भैरवीने शिवणाच्या दोऱ्याला कुलूप बांधलं, मीटरभर मोजून दाराच्या चौकटीच्या खिळ्याला टांगलं आणि बाबांचं घड्याळ हातात घेतलं. घड्याळ रोज रेडिओवरून लावलेलं, ते चुकायचा प्रश्न नव्हता. वीस झोके, चाळीस सेकंद. पुन्हा केलं, चाळीस. उत्तर बरोबर होतं. पण ते आपसूक आलं की आपण आणलं, हे तिला काही केल्या सांगता येईना. खरं घड्याळ आणि खोटं घड्याळ तिच्या हातात सारखंच चालत होतं. तिला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती.

तिने आईला हाक मारली. पद्मजाबाई पदराला हात पुसत आल्या. भैरवीने त्यांच्या हातात घड्याळ दिलं. मी मोजत नाही, मोजायचंही तूच, वीस झाले की काटा कुठे आहे ते सांग, असं सांगून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे आई देवाची माळ ओढावी तशा आवाजात आकडे म्हणत होती.

"झाले वीस," पद्मजाबाई म्हणाल्या. "त्रेचाळीस."

भैरवीने गणित केलं. साडेआठ. चूक होतं, चांगलंच चूक. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण पद्मजाबाईंनी ते पाहिलं. आधीच काल जागा गेलेली. त्या पुढे झाल्या, पोरीच्या गालावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तुले किती पायजे होते? सांग न. तेवढेच झाले म्हणू."

भैरवीला एकदम रडू फुटलं. बी.एस्सी.चा निकाल लागल्यापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, ती रडली नव्हती. पद्मजाबाई घाबरल्या, काय चुकलं ते त्यांना समजेना. चाळीस म्हणू का पन्नास म्हणू, असं त्या विचारत राहिल्या.

"नाही आई," भैरवी म्हणाली. "त्रेचाळीसच. तुले त्रेचाळीस दिसले न, मंग त्रेचाळीसच."

तेवढ्यात फाटक वाजलं. श्रीकृष्णराव आले होते, कुठल्यातरी गावाहून, चपलांना काळी माती. ते हात न धुताच ताटाकडे निघाले. भैरवीने डोळे पुसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी शब्द दिला होता, पण बी.एड.चा अर्ज यंदा भरत नाही, असं तिने सांगितलं.

"मंग वर्षभर काय करशील?"

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "आज तुम्ही गेलते तिथं काय दिसलं, ते सांगा मले."

श्रीकृष्णराव ताट पुढे न ओढता तसेच पाटावर टेकले, आणि बराच वेळ त्यांना सुरुवात करता येईना.