गिरिजाबाईंचा मळवट

लोहाऱ्याच्या गिरिजाबाई गेल्या, नव्वदी ओलांडून. अंगणात बायका जमल्या आणि रडणं आटपायच्या आधीच वाद उभा राहिला. म्हातारीला सवाष्ण म्हणून न्यायचं का विधवा म्हणून?

त्यांची लेक वनमाला हिरवं लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. "आईनं बजावलंय. मळवट भरूनच न्यायचं."

"वन्सं, तुम्ही बी काय!" चुलत भावजय म्हणाली. "मामंजी निजामाच्या तुरुंगात गेले ते गेलेच. कुठला नवरा न् कुठलं कुंकू!"

बोलायला काय जातंय! गिरिजाबाईंच्या नवऱ्यानं, गौरीशंकरनं, शिंदीची झाडं तोडली होती. निजामाची तिजोरी शिंदीच्या दारूवरच्या करानं भरायची, म्हणून. पोलीस आले तर पळाला न्हाय. कुऱ्हाड बाजूला ठेवून खाली बसला, लाठ्या खाल्ल्या, हात उचलला न्हाय. वनमाला तेव्हा पाळण्यात होती. पुढं एक शिपाई दारात आला. "तुझा मरद तुरुंगात तापानं मेला." प्रेत न्हाय, अंगावरचा कपडा न्हाय, नुसता निरोप.

"धडधाकट माणूस नेलात," गिरिजाबाई म्हणाल्या. "आणून दाखवा, मग पुसते कुंकू."

कुणी दाखवला न्हाय. निजाम गेला, झेंडे बदलले, कुंकू राहिलं. घरात ना श्राद्ध, ना हार घातलेला फोटो. लोक वेडी म्हणाले. वनमालेलाही वाटायचं, आई भाबडी, वाट बघतेय बिचारी. गेल्या उन्हाळ्यात तिनं विचारलंच, "आई, बाबा येतील असं खरंच वाटतं का गं तुला?"

"खुळी का काय! मारलं त्यांना, त्याच दिवशी कळलं मला. पण कुंकू पुसलं असतं, तर पोलिसांनी सांगितलेला ताप खरा ठरला असता."

वनमाला स्वतः विधवा. तिच्या हातचं कुंकू चालायचं न्हाय, आणि एकही सवाष्ण पुढं होईना. मग ती आईच्या उशाशी मांडी घालून बसली.

"मळवटाशिवाय उचलू द्यायची न्हाय. भांडणार न्हाय, पण उठणार बी न्हाय."

पुरुषमाणसांनी रागावून बघितलं, समजावून बघितलं. ऊन डोक्यावर आलं.

"आणा तो करंडा इकडं," शेवटी भावजयच करवादली. "बापाची लेक खरी!" तिनं म्हातारीचं कपाळ कुंकवानं भरलं, ओटी भरली, आणि पदरानं डोळे पुसले.

तिरडी उचलली तशी वनमालेनं हंबरडा फोडला. "बाबा!" म्हणाली. बायका चपापल्या. पण आई होती तोवर त्या घरात बापासाठी रडता आलं नव्हतं.