आत्याच्या पियानोतली झणझण

"फिरसे दाबा, ताई. तोच सूर."

बकुळानं खालच्या सप्तकातली ती पट्टी दाबली. सुराच्या पाठोपाठ झणझण उठली, उकळत्या पातेल्यावर झाकण थरथरावं तशी.

धारहून आलेले रघुजी मिस्त्री सकाळपासून त्या जुन्या पियानोशी झटत होते. स्क्रू आवळून झाले, आत पडलेली टाचणी निघाली. मग झणझण थांबते का बघायला त्यांनी बैठकीतल्या एकेका वस्तूवर तळवा दाबून पाहिला. फोटोची काच, तावदानं, समई. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याला मात्र त्यांनी हात जोडले, हात लावला नाही.

"भीतरची मोठी फळी तडकली असेल. इंदूरला न्यावा लागेल. चार-सहा महिने तो लगेंगेच."

शिवांगीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चार-सहा महिने! नणंदेनं, बकुळानं, चिऊला मांडीवर घेऊन पट्ट्या दाखवल्या आणि पोटची सहा वर्षांची पोर आत्याचीच झाली. दात हलला, सांगितलं आत्याला. तापात हाक मारली तीही आत्याला. शिवांगी औषधाचा चमचा धरून उभीच.

"बोलवा टेम्पो," बकुळा म्हणाली आणि जाता जाता पुन्हा तीच पट्टी दाबली.

शिवांगी तेव्हा देवांना फुलं वाहत होती. बोटाखाली खंडोबाचा चांदीचा टाक थरथरला. तिनं तो दाबून धरला. झणझण विरली. बोट उचललं, पुन्हा सुरू.

कुणाचंच लक्ष नव्हतं. तिनं मुकाट्यानं पुढचं फूल उचललं.

"मम्मी, हा परत येईल ना? पक्का?" चिऊनं विचारलं. पियानोच्या लाकडाला गाल लावून ती रडत होती, आवाज न करता. रागावली की शिवांगी स्वतः रडे, तशीच.

शिवांगीनं कापसाचं वस्त्र घेतलं, दुमडलं आणि टाकाच्या मागे सारलं.

"वन्सं, नेण्याआधी एकदा ऐकवा तिला."

सूर उमटला. स्वच्छ.

"देखा भिया!" रघुजींनी स्वतःचीच पाठ थोपटली. "आवळलेला स्क्रू बसायला टाइम लागतो."

"जादू आहे हो तुमच्या हातात!" बकुळा म्हणाली.

चिऊ किंचाळत धावली, शिवांगीला घासून, थेट आत्याच्या मांडीवर. खांद्यावरून घसरलेला पदर शिवांगीनं सावरला आणि उरलेली फुलं एकेक करून वाहिली.